सम्राट अशोक आणि मार्गवृक्ष

सम्राट अशोक (राज्यकाल सुमारे इ.स.पू. २६८ ते इ.स.पू. २३२) हे मौर्य वंशातील तिसरे सम्राट होते. कलिंग युद्धानंतर स्वीकारलेल्या धम्मनीतीसाठी ते प्रसिद्ध आहेत. रस्त्याच्या कडेला झाडे लावणे, विहिरी खोदणे आणि वन्यजीवांना अभय देणे ही कामे त्यांनी राज्यकारभाराचा भाग मानली व तशी नोंद शिलांवर कोरवून ठेवली.

== पूर्वायुष्य ==
अशोक हे बिंदुसार यांचे पुत्र व चंद्रगुप्त मौर्य यांचे नातू होत. बौद्ध परंपरेनुसार तरुणपणी ते उज्जैन येथे प्रांताधिपती होते. उत्तर भारतातून उज्जैन व माहिष्मतीमार्गे प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे, जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग या नगरावरूनच जात असे.

राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी त्यांनी कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखानुसार या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसे देशोधडीला लागली. या संहाराचा पश्चात्ताप त्यांनी त्याच लेखात व्यक्त केला आहे.

== मार्गवृक्ष व वनस्पती ==
दुसऱ्या शिलालेखानुसार अशोकांनी माणसे व जनावरे या दोहोंसाठी औषधोपचाराची सोय केली. औषधी वनस्पती, कंदमुळे व फळझाडे जेथे नव्हती तेथे ती आणून लावण्यात आली. रस्त्यांवर विहिरी खोदून झाडेही लावली गेली.

दिल्ली-तोपरा स्तंभावरील सातव्या लेखात याचा अधिक तपशील मिळतो. वाटेवर सावलीसाठी वड लावले, आमराया उभारल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खोदल्या आणि पाणपोया घातल्या, असे त्यात नमूद आहे. विहिरींमधील अंतर आठ कोस की अर्धा कोस, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा सोयी पूर्वीच्या राजांनीही केल्या होत्या, हेही अशोकांनी त्या लेखात मान्य केले आहे.

== जीवरक्षण ==
राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट, मैना व हंस यांच्याबरोबर वटवाघळांचाही समावेश आहे. विनाकारण अथवा जीवहत्येसाठी अरण्यांना आग लावण्यास, तसेच जीवजंतू असलेला भुसा जाळण्यास या लेखाने मनाई केली.

== पर्यावरणीय महत्त्व ==
परागीभवनाची कल्पना या लेखांत आढळत नाही. सावली, उपचार व अहिंसा हे त्यांचे हेतू होते. मात्र त्यांत उल्लेखिलेली झाडे व प्राणी निसर्गात एकमेकांशी जोडलेले आहेत. उंबराप्रमाणे वडाचीही फुले फळासारख्या गाठीच्या आत दडलेली असतात. त्यांचे परागीभवन गांधीलमाशीच्या गणातील एक चिमुकला कीटक करतो. त्याचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असल्याने परागकण घेऊन त्याला लवकर दुसरे झाड गाठावे लागते. फळे खाणारी वटवाघळे वडाच्या बिया दूरवर नेतात. काटेसावर व मोह यांच्या फुलांवरही ती येतात.

== महाराष्ट्र व मराठवाडा ==
अशोकांच्या लेखांत रठिक व पेतेनिक या लोकांचा उल्लेख येतो. त्यांचा संबंध काही अभ्यासक अनुक्रमे महाराष्ट्राशी व पैठणशी जोडतात. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याची हकीकत या लेखात आहे. अशोक हे नाव स्पष्टपणे देणारा मास्की येथील लेख १९१५ मध्ये तत्कालीन हैदराबाद संस्थानात सापडला. नांदेड व लातूर हे भागही तेव्हा त्याच संस्थानात होते.

तुळजापूर–नागपूर राष्ट्रीय महामार्ग ३६१ आज औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जातो. रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडे तोडली जातात आणि वीजवाहिन्यांखालील फांद्या छाटल्या जातात. त्यांच्या जागी केवळ शोभेची परदेशी झाडे लावली, तर वडाची सावली आणि त्यावर जगणारे जीव परत येत नाहीत. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, पळस व चिंच ही झाडे या प्रदेशाच्या हवामानात टिकतात. कडेचे गवत न जाळता फुले येऊन बी पडल्यानंतर कापले, तर मधमाश्यांना चारा मिळतो व जमिनीत घरटी करणाऱ्या माश्यांचा आसरा वाचतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये हरित महामार्ग धोरण जाहीर करून महामार्गालगतच्या वृक्षलागवडीला धोरणात्मक आधार दिला.

== मृत्यू व वारसा ==
अशोकांचे निधन सुमारे इ.स.पू. २३२ मध्ये झाले. कालांतराने ब्राह्मी लिपीच विस्मरणात गेली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती वाचल्यावर हे लेख पुन्हा समजू लागले. सारनाथ येथील त्यांचा सिंहशीर्ष स्तंभ हे भारताच्या राजमुद्रेचे मूळ आहे. आपली मुले, नातू व पुढील पिढ्या हे काम चालू ठेवतील, अशी अपेक्षा अशोकांनी आपल्या लेखांत व्यक्त केली होती.