एका मुरडीची गोष्ट

दिवाळीत आई करंज्या करायला बसली की मुरड घालायचं काम मी हट्टाने मागून घेत असे. मुरड सैल राहिली तर करंजी तेलात उकलते आणि सारण पसरतं. फार दाबली तर पारीच फाटते. एल्मर कीथ या अमेरिकन नेमबाजाचं आयुष्य वाचताना मला ती मुरड सारखी आठवत राहिली. बंदूक मी कधी हातात धरलेली नाही. पण रिव्हॉल्व्हरच्या काडतुसालाही अशीच मुरड असते!

कीथचा जन्म १८९९ चा, मिसुरी राज्यातल्या हार्डिन गावचा. लहानपणी माँटानातल्या मिसूला गावी लागलेल्या आगीत तो भयंकर भाजला आणि त्याचा डावा हात अधू झाला. त्याच हाताने तो पुढे गुरं राखायला, घोडी हाकायला आणि नेम धरायला शिकला. तयार काडतुसं त्याला पुरेशी जोरकस वाटत नसत, म्हणून रिकाम्या पितळी नळ्यांत दारू भरून, वर शिशाची गोळी बसवून ती तो स्वतःच तयार करी.

१९२५ मध्ये हा छंद अंगाशी आला. प्रमाणाबाहेर जड गोळी भरलेलं त्याचं पंचेचाळीस बोअरचं रिव्हॉल्व्हर हातातच फुटलं. जीव वाचला. दुसरा कोणी गप्प बसला असता. कीथने आपली फजिती सविस्तर लिहून जगजाहीर केली. मग तो चव्वेचाळीसकडे वळला. त्याची भोकं किंचित लहान, त्यामुळे चक्राच्या भिंती जाड राहतात.

त्यासाठी त्याने स्वतः गोळीचा साचा आखला. गोळीभोवती एक खोल खाच ठेवली, ती मुरडीसाठी. पितळी नळीचं तोंड आत वळवून त्या खाचेत बसवायचं. मुरड ढिली असेल तर एक बार उडताच बसणाऱ्या धक्क्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र अडकतं. फार आवळली तर नळी फुगते, भोकात शिरतच नाही. म्हणून नळ्या सारख्या लांबीच्या कापायच्या आणि साचा थोडा थोडा खाली घेत, दर वेळी तपासत मुरड जमवायची. घाई केली की फसलंच.

दुसऱ्या महायुद्धात तो ऑग्डेनच्या शस्त्रागारात तपासनीस होता. त्याने वर्षानुवर्षं धरलेल्या आग्रहाला फळ आलं आणि १९५५-५६ च्या सुमारास चव्वेचाळीस मॅग्नम बाजारात आलं. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ने ते घरोघरी पोचवलं. १९८४ मध्ये कीथ वारला.

आपल्याकडे परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं गुन्हा आहे, आणि ते बरंच आहे. पण कीथची एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. सिनेमाने लोकांना आवाज ऐकवला. हातात बार फुटलेला हा माणूस मात्र उरलेलं आयुष्य केसभर मुरडीलाही जपत राहिला.