कर्णधार विठ्ठल पालवणकर

खेळाडू निवृत्त झाला, तरी त्याने काढलेल्या धावा आणि घेतलेले बळी यांची नोंद धावफलकाच्या वहीत कायम राहते. परंतु योग्यता असूनही त्याला जे नाकारले गेले, त्याची नोंद त्या वहीत कोठेच सापडत नाही. विठ्ठल पालवणकर या मराठी कर्णधाराने निवृत्तीनंतर ती नोंद स्वतःच्या लेखणीने करून ठेवली.

कोकणातील पालवण गावावरून आडनाव लाभलेले हे चर्मकार समाजातील कुटुंब. वडील लष्करात नोकरीला असल्याने मुले पुण्यात वाढली. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत या चौघाही भावांना क्रिकेटचे वेड लागले. थोरले बाळू इंग्रजांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. तेथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते अव्वल दर्जाचे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले.

त्यांचे कौशल्य पाहून पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत; चहाची वेळ झाली की मात्र चित्र पालटे. सहकारी आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. धाकट्या विठ्ठलची जडणघडण अशा काळात झाली. थोरल्या भावाचा खेळ आणि त्याचा अपमान, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

मुंबईत त्या वेळी धर्मानुसार संघ पाडून सामने होत. आरंभी युरोपियन व पारशी, पुढे हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान संघही त्यांत उतरल्याने ते चौरंगी सामने म्हणून गाजले. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधीच सोपविले गेले नाही. त्यांच्या हाताखाली खेळणे काहींना कमीपणाचे वाटत होते.

१९२० मध्ये कर्णधाराची निवड करताना विठ्ठल व शिवराम यांनाही डावलण्यात आले. तेव्हा दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि ही निवड जातीमुळे झाली आहे, असे जाहीर निवेदन काढले. संघातील जागा पणाला लावून घेतलेला हा निर्णय होता. महात्मा गांधींनी अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न हाती घेतल्याने लोकमतही हळूहळू बदलत होते. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत त्यांच्या संघाने युरोपियनांना नमवून अजिंक्यपद पटकाविले. विजयानंतर प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जात होता, त्यांना लोक खांद्यावर मिरवीत होते.

निवृत्तीनंतर विठ्ठलनी या साऱ्या वाटचालीचे सिंहावलोकन केले. त्यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत देश स्वतंत्र झाला होता आणि धर्मानुसार संघ पाडून होणारे सामने बंद पडले होते. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संविधान सभेने त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये स्वीकारले. उतारवयात मागे वळून पाहताना विठ्ठलनी आनंदाचे क्षण आठवले, तसेच डावलले गेल्याचे दुःखही लपविले नाही.

एका विजयाने जातिभेद संपला, असे मात्र झाले नाही. खांद्यावर उचलणारे हात घरच्या पंगतीत जागा देतीलच, याची शाश्वती तेव्हा नव्हती. परंतु नेतृत्व जन्मावर ठरत नाही, हे हजारो प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिले.

१९७१ मध्ये विठ्ठल पालवणकर यांचे निधन झाले. पुढे अनेक वर्षे या भावंडांचे नाव विस्मरणात गेले होते. क्रिकेटच्या सामाजिक इतिहासाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना नंतर त्यांच्या आत्मचरित्राचा मोठा आधार मिळाला. बाळूंच्या वाट्याला आलेला मातीच्या भांड्यातील चहा आज आपल्याला माहीत आहे, कारण अशा गोष्टी कोणीतरी वेळीच लिहून ठेवल्या. मैदानावरील कर्णधारपद विठ्ठलनी वयोमानाने सोडले. आपल्या माणसांची बाजू मांडण्याचे काम त्यांनी त्यानंतरही सोडले नाही.