मणका मोडलेली चित्रकार

१७ सप्टेंबर १९२५. मेक्सिको सिटीत एका बसवर ट्राम आदळली. बसमधल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या ओटीपोटात लोखंडी कठडा घुसला. कंबरेचा कणा तीन ठिकाणी मोडला; कटिबंध, बरगड्या आणि उजवा पायही मोडला. तो पाय आधीच पोलिओने बारीक झालेला होता. मुलीला डॉक्टर व्हायचे होते. ती झाली चित्रकार, फ्रिडा काहलो.

ती महिनाभराने घरी गेली, चालूही लागली. पण पाठ दुखायची थांबेना. मणके जागचे हलल्याचे कळायला जवळजवळ वर्ष गेले. आमच्याकडेही हे होते. झाडावरून किंवा परांचीवरून पडलेल्याची टाच मोडलेली दिसते आणि सगळ्यांचे लक्ष तिथेच जाते. अशा रुग्णाची कंबरही तपासा, हे विद्यार्थ्यांना सांगून मी थकलो आहे.

मणका मोडूनही ती चालली कशी? मज्जारज्जू साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. तिथे जागा थोडी ऐसपैस असल्याने प्रत्येक फ्रॅक्चरने पाय लुळे पडतातच असे नाही. मात्र नसा दबल्या तर पायांतली ताकद जाते, लघवी अडते. अशा वेळी घरी थांबू नये. आणि जखमीला कधीही हातापायांना धरून उचलू नये, सपाट फळीवर घ्यावे.

प्लास्टरमध्ये पडून असताना फ्रिडाला पलंगावर बसणारा ईझल मिळाला, डोक्यावर आरसा लावला गेला. समोर दिसायची ती स्वतःच. म्हणून चित्रांत तीच. १९२९ मध्ये तिने चित्रकार दिएगो रिव्हेराशी लग्न केले. गर्भ मात्र टिकले नाहीत.

१९४४ मध्ये तिने पोलादी कॉर्सेटमधले आपले शरीर रंगवले, कण्याच्या जागी तडकलेला दगडी खांब. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला चार मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. दुखणे हटले नाही. १९५० मध्ये हाडात जंतुसंसर्ग होऊन नऊ महिने रुग्णालयात गेले. वेदनाशामके आणि दारू दोन्ही वाढली. तिला दोष देणाऱ्यांनी वर्षानुवर्षे न थांबणारी पाठदुखी अनुभवलेली नसावी.

१९५३ मध्ये मेक्सिकोतल्या आपल्या प्रदर्शनाला ती पलंगावरून गेली. त्याच वर्षी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १३ जुलै १९५४ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ती गेली. तिचे कॉर्सेट कोयोआकानच्या निळ्या घरात जपून ठेवले आहेत. प्लास्टरच्या काहींवर तिने स्वतः चित्रे काढली आहेत.