तळपदे यांचे विमान आणि नोंदींचे भांडवल

वैमानिकाविना उडणारी लष्करी विमाने आणि त्यांना आकाशातच निकामी करणारी लेसर अस्त्रे यांची चर्चा निघाली, की आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हमखास घेतले जाते. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी या मराठी गृहस्थाने निर्मनुष्य विमान उडविले, असे वक्तृत्वस्पर्धांतून वारंवार ऐकू येते. म्हणूनच त्यांचे चरित्र एकदा शांतपणे पाहणे उचित ठरेल.

तळपदे यांचा जन्म १८६४ साली मुंबईत, पाठारे प्रभू ज्ञातीत झाला. जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता. संस्कृतचा व्यासंग आणि आर्यसमाजाची निष्ठा यांतून प्राचीन विमानविद्येचा शोध घेण्याचा ध्यास त्यांना लागला. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांचे ‘मरुत्सखा’ हे विमान माणसाशिवाय १५०० फूट उंच गेले आणि कोसळले, अशी आख्यायिका आहे. न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज तेथे उपस्थित होते, असेही सांगतात. तथापि त्या उड्डाणाचे छायाचित्र, आराखडा, मोजमापे वा विश्वसनीय समकालीन नोंद आजवर पुढे आलेली नाही. १९१६ साली तळपदे निवर्तले. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी त्यांचे नाव जोडले जाते, तो विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली काढला.

त्याच सुमारास अमेरिकेत काय घडत होते? ६ मे १८९६ रोजी सॅम्युअल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे निर्मनुष्य विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांनी त्याचे छायाचित्र घेतले. पुढे सरकारच्या ५०,००० डॉलरांतून लँग्लींनी माणूस नेणारे विमान बांधले. ते १९०३ साली दोनदा नदीत कोसळले. तेही नोंदले गेले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला राइट बंधू स्वतःच्या सायकल दुकानाच्या कमाईवर उडाले. परंतु त्यामागे त्यांनी १९०१ साली वातबोगद्यात केलेल्या प्रयोगांची काटेकोर कोष्टके होती.

अर्थशास्त्राच्या भाषेत ज्ञान हेही भांडवलच आहे. मात्र ते नोंदीवाचून साचत नाही. नोंदलेले अपयश पुढच्याचा खर्च वाचविते. न नोंदलेले यश कोणाच्याच उपयोगी पडत नाही. तळपदे यांच्यामागे ना प्रयोगशाळा होती, ना नियतकालिक, ना त्यांचे काम पुढे नेणारी संस्था. पारतंत्र्यातील एकाकी संशोधकाची ही शोकांतिका आपण गौरवकथेखाली झाकून टाकतो.

वाशीमकरांना तरी पुराव्याचे मोल निराळे सांगावयास नको. येथील वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेला इतिहासात स्थान मिळाले, ते १९३९ साली उजेडात आलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटामुळे. केवळ स्थानिक अभिमानाने ते मिळाले नसते.

आजच्या शस्त्रविद्येलाही हाच न्याय लागू आहे. अमेरिकेने बोईंग ७४७ विमानात बसविलेल्या लेसरने फेब्रुवारी २०१० मध्ये क्षेपणास्त्र पाडले. तरीही खर्च आणि अपुरा पल्ला यांचा हिशेब मांडून २०११ मध्ये तो प्रकल्प बंद केला. आपल्या डीआरडीओने १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे जमिनीवरील लेसर अस्त्राने निर्मनुष्य विमान पाडून दाखविले. किरण एकाच जागी रोखून धरावयाचा, तेथील भाग तापून निकामी होईतो; ही किमया मंत्राची नव्हे, मोजमापाची आहे.

तळपदे यांना मानवंदना द्यावयाची असेल, तर शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगवहीत फसलेला प्रयोगही प्रामाणिकपणे लिहिण्याची आणि त्याला गुण देण्याची प्रथा पाडावी. त्यांच्या स्वप्नाला जे मिळाले नाही, ते निदान पुढच्या पिढीला मिळेल.