अठरा तासांच्या पलीकडचे बाबासाहेब

एप्रिल महिना आला की वस्तीवस्तीत, विहाराविहारांत सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम सुरू होतात. चांगली गोष्ट आहे. मिरवणुकीतल्या डीजेपेक्षा पुस्तक केव्हाही बरे! परंतु झोप मोडली, जेवण चुकवले की आपण बाबासाहेबांच्या वाटेवर आलो, असा समज तरुण कार्यकर्त्यांत पसरू लागला आहे. दिवसा कोर्ट, रात्री बैठका, पहाटेची एसटी असे आम्हीही अनेक वर्षे केले. चाळिशीत रक्तात साखर निघाली, तेव्हा आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडले.

परळच्या चाळीतली ती एकच खोली सर्वांना ठाऊक आहे. भीमराव रात्री २ वाजता उठून अभ्यास करीत, हेही भाषणांतून सांगितले जाते. पण सुभेदार रामजीबाबा मुलाला आधी लवकर झोपवीत, स्वतः २ पर्यंत जागत, मग त्याला उठवून त्याच्या जागेवर आडवे होत, हे किती जण सांगतात? खोलीत जागा नव्हती म्हणून बापाने झोपेची पाळी लावली होती. झोप कापली नव्हती.

आता लंडन. १९१६ साली कोलंबियातून ते तिथे पोहोचले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अर्ध्यावर परतले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसणे, रात्री भाजलेल्या पापडावर भागवणे, हे त्या दिवसांतले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरी. खिशातला पैसा संपण्याआधी काम संपवायचे होते. ती मुदतीची निकड होती, आयुष्यभराचा नियम त्यांनी त्यातून काढला नाही. पुढे ते व्हायोलिन शिकले, बागेत रमले. चरित्रातली ही पाने आपण भराभर उलटतो.

आणि सत्ता हाती आली तेव्हा त्यांनी कामगाराला काय दिले? १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास त्यांनी १४ चे ८ केले, असे सभांतून सर्रास ऐकू येते. वकील म्हणून आम्हाला इथे अडवावे लागते. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याची मर्यादा ५४ तासांची होती. ती १९४६ च्या दुरुस्तीने ४८ वर आली. त्याआधी १९४५ च्या दुरुस्तीने पगारी रजेची तरतूद झाली. आकडा लहान वाटेल, पण गिरणीतून घरी येणाऱ्या माणसाला आठवड्याचे ६ तास परत मिळाले. विश्रांती हा हक्क म्हणून कायद्यात लिहिणारा हाच माणूस होता.

स्वतःला मात्र ती सवलत त्यांना मिळाली नाही. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. सदस्य सात. कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कोणी परदेशी, कोणी दिल्लीपासून दूर. बहुतेक भार एकट्या बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेतच सांगितले. मधुमेह, पायांच्या वेदना, झोप नाही, अशा अवस्थेत ते काम चालले होते. प्रकृती सांभाळणारे कोणी हवे, या गरजेतूनच १५ एप्रिल १९४८ रोजी माईसाहेबांशी विवाह झाला. त्यावरून पुढे समाजात फार राजकारण झाले, तो विषय वेगळा. काम झाल्यावर बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आणि कर्मचाऱ्यांचे श्रेय त्यांनी सभागृहात नाव घेऊन दिले. आपल्या संघटनांत टाइप करणाऱ्या पोराचे नाव कोण घेतो?

ज्यांनी भार वाटून घ्यायचा ते दूर राहिले, आणि आपण त्याच एकटेपणाला शिस्त समजून पूजतो आहोत.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी, नानकचंद रत्तू यांनी बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टाइप केलेले कागद उशाशी आणून ठेवले. पहाटेपूर्वी झोपेतच महापरिनिर्वाण झाले. वय अवघे ६५. तो ग्रंथ १९५७ साली छापून आला. हिंदू धर्मातील कोड्यांचे आणि प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीचे लेखन अपुऱ्या अवस्थेत पेट्यांत राहिले. ते वाचायला समाजाला १९८७ साल उजाडावे लागले.