विश्लेषण : एकदा कोसळल्यानंतरही हँक गॅदर्स पुन्हा मैदानात का उतरला? हृदयाने दिलेल्या इशाऱ्याचे काय झाले?

अमेरिकेच्या विद्यापीठ बास्केटबॉलमधील नावाजलेला खेळाडू हँक गॅदर्स ४ मार्च १९९० रोजी भर सामन्यात कोसळला आणि त्याच संध्याकाळी त्याचा मृत्यू झाला. वय अवघे २३. खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंच्या यादीत त्याचे नाव हमखास येते. मात्र हा मृत्यू पूर्णपणे आकस्मिक नव्हता. त्याआधी १२ आठवडे तो सामना सुरू असताना बेशुद्ध पडला होता. तपासण्या झाल्या होत्या, निदान झाले होते, औषधही सुरू होते. मग नेमके कुठे चुकले?

हँक गॅदर्स कोण होता?

गॅदर्सचा जन्म ११ फेब्रुवारी १९६७ रोजी फिलाडेल्फियात झाला. मूळ नाव एरिक, पण सगळे त्याला हँकच म्हणत. शहराच्या उत्तर भागातील सरकारी घरकुलांच्या गरीब वस्तीत तो वाढला. शाळेत त्याची जोडी जमली बो किंबलशी. दोघांनी मिळून १९८५ मध्ये शाळेला शहराचे विजेतेपद मिळवून दिले. पुढे दोघेही कॅलिफोर्नियाला गेले आणि वर्षभरात विद्यापीठ बदलून लॉस एंजेलिसमधील लोयोला मेरीमाउंट या तुलनेने लहान विद्यापीठात दाखल झाले.

तेथील प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांची पद्धत जगावेगळी होती. चेंडू हाती आला की काही सेकंदांत बास्केटकडे फेकायचा आणि प्रतिस्पर्ध्यांना दम लागेपर्यंत पळवायचे. १९८९-९० च्या हंगामात या संघाने सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण केले. हा विक्रम होता. अशा खेळात हृदयाला उसंत मिळत नाही. सहा फूट सात इंच उंचीचा, पिळदार शरीराचा गॅदर्स या पद्धतीचा कणा होता. १९८८-८९ मध्ये त्याने सामन्यामागे ३२.७ गुण आणि १३.७ रीबाउंड अशी कामगिरी केली. एकाच हंगामात गुण आणि रीबाउंड या दोन्हींत देशात पहिला येणारा तो पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठ स्पर्धेतील केवळ दुसरा खेळाडू ठरला. एनबीए या व्यावसायिक लीगचे दार त्याच्यासाठी उघडणार, याबद्दल फारशी शंका नव्हती. घरची गरिबी संपवण्याचा तोच मार्ग होता.

पहिला इशारा कधी मिळाला?

९ डिसेंबर १९८९ रोजी सांता बार्बराच्या संघाविरुद्धच्या सामन्यात गॅदर्स फ्री थ्रो घेण्यासाठी उभा असतानाच कोसळला. थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला. रुग्णालयातील तपासण्यांत हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचे आढळले.

हृदयाचे खालचे कप्पे अतिवेगाने धडधडू लागले की त्यांना रक्ताने भरायला वेळच मिळत नाही. रक्तदाब घसरतो, मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस बेशुद्ध होतो. ठोके आपोआप ताळ्यावर आले तर तो उठून बसतो. न आल्यास हृदय नुसते थरथरत राहते, रक्ताभिसरण थांबते. म्हणजे भोवळ आणि मृत्यू यांच्यात कधी कधी फक्त नशिबाचे अंतर असते.

औषध सुरू असताना अडचण काय आली?

गॅदर्सला प्रोप्रॅनोलॉल हे औषध देण्यात आले. बीटा ब्लॉकर गटातील हे औषध अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम कमी करते, त्यामुळे हृदयाची गती आवरली जाते. पण वेगाने पळणाऱ्या खेळाडूला हृदयाची हीच वाढलेली गती हवी असते. औषधाने थकवा येतो, हालचाली जड वाटतात. डिसेंबर संपता संपता गॅदर्स मैदानात परतला, तेव्हा त्याला नेमका हाच अनुभव आला. खेळ मंदावल्याची त्याची तक्रार होती. हंगाम पुढे सरकत गेला, तशी औषधाची मात्राही टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली.

परिणाम मैदानावर लगेच दिसला. ३ फेब्रुवारी १९९० रोजी लुइझियाना स्टेटविरुद्ध, म्हणजे शकील ओनीलसारखा उंचापुरा खेळाडू असलेल्या संघाविरुद्ध, त्याने ४८ गुण केले. जुना गॅदर्स परतला, असे सर्वांना वाटले. आजार मात्र होता तिथेच होता. औषध तो बरा करत नव्हते, फक्त आवरून धरत होते. ती पकडच सैल झाली होती.

४ मार्चला काय घडले?

घरच्याच मैदानावर पोर्टलँडविरुद्ध उपांत्य सामना होता. आई आणि नातेवाईक प्रेक्षकांत होते. साडेसहा मिनिटांत लोयोलाने २५-१३ अशी आघाडी घेतली. सहकाऱ्याने हवेत दिलेला पास गॅदर्सने उडी मारून थेट बास्केटमध्ये कोंबला. जल्लोष सुरू असतानाच तो मैदानाच्या मध्याजवळ कोसळला. त्याने उठण्याचा प्रयत्न केला, पण पुन्हा खाली गेला. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा आजार असल्याचे स्पष्ट झाले.

जबाबदारी कोणाची?

कुटुंबाने विद्यापीठ, प्रशिक्षक आणि डॉक्टरांविरोधात दावे दाखल केले. धोक्याची पूर्ण कल्पना गॅदर्सला दिली होती का, मात्रा कमी करताना खेळाचा विचार वरचढ ठरला का, डिसेंबरनंतर मैदानाजवळ आणून ठेवलेला डिफिब्रिलेटर वेळेत का वापरला गेला नाही, असे प्रश्न त्यात होते. विद्यापीठाने १४ लाख डॉलर देऊन तडजोड केली. हृदयरोगतज्ज्ञाबरोबरही तडजोड झाली. त्यामुळे दोष नेमका कोणाचा, याचा निकाल न्यायालयातून लागला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. खेळाडूला खेळायचे होते, संघाला तो हवा होता आणि हंगाम थांबणार नव्हता. पूर्ण मात्रा आणि पूर्ण वेग हे दोन्ही एकत्र शक्य नव्हते. खेळ थांबवण्याऐवजी औषध कमी झाले.

संघाचे पुढे काय झाले?

ती स्पर्धा तिथेच थांबवण्यात आली. लोयोलाला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. फ्री थ्रोमध्ये कच्चा असलेला गॅदर्स मूळचा उजखोरा असूनही डाव्या हाताने ते घेऊ लागला होता. मित्राची आठवण म्हणून किंबलने प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने घेतला आणि एकही चुकवला नाही. गतविजेत्या मिशिगनला १४९-११५ असे हरवत संघ अंतिम आठपर्यंत पोहोचला.

आज काय बदलले आहे?

तीनच वर्षांनी, १९९३ मध्ये, बोस्टन सेल्टिक्सचा कर्णधार रेगी लुईस सामन्यात कोसळला. एका तज्ज्ञ पथकाने हृदयाचा गंभीर आजार सांगितला, तर दुसऱ्या मतानुसार ती साधी भोवळ होती. तीन महिन्यांत सराव करताना त्याचा मृत्यू झाला.

याउलट १२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन युरो स्पर्धेत कोसळला, तेव्हा मैदानावरच सीपीआर आणि विजेचा झटका मिळाला आणि तो वाचला. ठोके बिघडल्यास आपोआप झटका देणारे उपकरण छातीत बसवून तो पुन्हा खेळू लागला. हृदय बंद पडल्यावर सीपीआरविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

कोणती लक्षणे टाळू नयेत?

धावताना किंवा व्यायाम करताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, अकारण धाप लागणे, ठोके अचानक सैरभैर होणे आणि कुटुंबात कमी वयात कोणाचा अचानक मृत्यू झालेला असणे. यातील काहीही असल्यास ईसीजी, टूडी इको आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला मिळेपर्यंत व्यायाम थांबवावा. सुरू असलेल्या गोळीमुळे थकवा वाटत असेल, तर मात्रा स्वतःहून कमी करू नये. कोणी कोसळल्यास आणि श्वास नीट चालत नसल्यास १०८ वर फोन करून लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे. तसेच शर्यत किंवा स्पर्धा जवळ आली आहे, म्हणून तपासणी पुढे ढकलू नये.