कोपरगाव १९५७ : सर्वसाधारण जागेवरून जिंकलेले ॲड. बी. सी. कांबळे

शिर्डी लोकसभा मतदारसंघ आज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००८ च्या पुनर्रचनेआधी या भागाचा मतदारसंघ कोपरगाव या नावाने ओळखला जाई आणि तो सर्वसाधारण होता. साखर कारखाने, पाटपाणी आणि मोठी घराणी यांचा हा पट्टा. इथे आपला माणूस निवडून येणे शक्यच नाही, असे आपलेच कार्यकर्ते म्हणतात. पण १९५७ मध्ये कोपरगावने शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा उमेदवार लोकसभेत पाठवला होता. त्यांचे नाव ॲड. बापू चंद्रसेन कांबळे.

१९१९ साली जन्मलेले बी. सी. कांबळे हे बाबासाहेबांच्या तालमीत तयार झालेले वकील आणि पत्रकार. बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राचे संपादनही त्यांनी केले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई विधानसभेत फेडरेशनचा एकच आमदार निवडून आला, तो म्हणजे कांबळे. काँग्रेसच्या प्रचंड बहुमतासमोर हा एकटा माणूस पाच वर्षे अभ्यास करून बोलत राहिला.

त्याच १९५२ साली खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी पराभूत झाले. मतदारसंघ द्विसदस्य होता. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. हजारो मते मुद्दाम कुजवली गेली, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब निवडणूक न्यायाधिकरणात गेले, पण अर्ज फेटाळला गेला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. त्या वेळी दुसरे मत कुजवा, असे आपल्या लोकांना सांगायला त्यांनी नकार दिला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब मात्र मागे राहिले. आपली मते इतरांना मिळाली, इतरांची आपल्याला मिळाली नाहीत. दोन्ही निवडणुकांचा हिशेब हाच होता.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि नवाच पेच उभा राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध माणूस अनुसूचित जातीत मोजला जात नव्हता. म्हणजे ज्याने धम्म स्वीकारला, त्याचा राखीव जागेवरचा हक्क गेला. हा धोका केवळ कागदावरचा नव्हता. राखीव जागेवरून १९६२ मध्ये निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम बौद्ध झाले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द ठरवली. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल उजाडले.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि तीन महिन्यांच्या आत निवडणूक आली. नेता गेलेला, समाज शोकात बुडालेला. अशा वेळी कांबळे कोपरगावातून उभे राहिले. ही एकसदस्य, सर्वसाधारण जागा होती. मतदाराला एकच मत. आपल्या समाजाची सगळी मते पडली तरी ती पुरणार नव्हती. जिथल्या गावकुसात महारवाड्याला पाणवठा बंद होता, त्याच गावकुसातल्या शेतकऱ्याने आपली मतपत्रिका कांबळे यांच्या पेटीत टाकणे भाग होते.

हे घडले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत शेकाप, प्रजा समाजवादी आणि कम्युनिस्टांबरोबर फेडरेशनही होते. द्वैभाषिक राज्य लादल्याचा राग गावोगाव होता. काँग्रेसला पाडायचे तर समितीच्या माणसाला मत द्यायचे, मग त्याची जात कोणतीही असो, असे वातावरण तयार झाले. कोपरगावच्या हद्दीला लागून येवला आहे, जिथे १९३५ मध्ये बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली होती. शेजारच्या नाशिकमधून त्याच निवडणुकीत दादासाहेब गायकवाडही लोकसभेत गेले.

विजय मोठा होता, पण तो टिकला नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांतच फुटला. कांबळे यांचा भर संविधान, कायदा आणि पक्षाच्या शिस्तबद्ध घटनेवर होता. कम्युनिस्टांशी जवळीक त्यांना मान्य नव्हती. दादासाहेबांचा भर भूमिहीनांच्या रस्त्यावरच्या लढ्यावर होता. कांबळे यांचा गट 'दुरुस्त' आणि दादासाहेबांचा 'नादुरुस्त' म्हणून ओळखला जाऊ लागला. वस्तुतः समाजाला दोन्हींची गरज होती. जमीन मागणारा मोर्चा हवा होता आणि तिचा कायदा लिहिणारा वकीलही हवा होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला, समितीचा मुद्दा संपला, आणि १९६२ मध्ये कोपरगाव काँग्रेसच्या अण्णासाहेब शिंदे यांच्याकडे गेले.

कांबळे मात्र थांबले नाहीत. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये ते रिपब्लिकन पक्षातर्फे दक्षिण मध्य मुंबईतून पुन्हा लोकसभेत गेले. 'समग्र आंबेडकर चरित्र' हा अनेक खंडांचा प्रकल्प त्यांनी हाती घेतला. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, २००९ मध्ये, जागा राखीव झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत रामदास आठवले शिर्डीतून उभे राहिले आणि पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर जिंकलो, राखीव जागेवर हरलो. याचा अर्थ राखीव जागा नकोत असा नाही, तो आपला संविधानिक हक्क आहे. पण राखीव जागा उमेदवाराची जात ठरवते, मते कोणाची पडणार हे ठरवत नाही. ती मिळवायला सर्वांना आपला वाटेल असा प्रश्न हातात घ्यावा लागतो आणि जिंकल्यावर एकत्र राहावे लागते. १९५७ च्या कोपरगावने पहिली गोष्ट करून दाखवली. दुसरी गोष्ट अजून आपल्याकडे बाकी आहे.

जय भीम!